एक होडी, तीन शिडे

‘लेझर’ हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी बहुतेकांना डोळ्यांचे रुग्णालय आठवते. जगाच्या पाठीवर मात्र असेही असंख्य लोक आहेत, की ज्यांच्या डोळ्यांसमोर हा शब्द ऐकताच एक होडी उभी राहते. लांबी जेमतेम सव्वाचार मीटर, शीड एक, बसणारा माणूस एक, आणि सारे अंग फायबरग्लासचे. १९७१ साली ही शर्यतीची होडी प्रथम लोकांसमोर आली. तेव्हापासून आजवर तशा दोन लाखांहून अधिक होड्या तयार झाल्या आहेत, आणि नवल असे, की पहिल्या होडीचे अंग आणि आजच्या होडीचे अंग यांत आकाराचा फरक नाही. मोटारीचे रूप दर दोन-तीन वर्षांनी पालटावे लागते अशा काळात एका होडीचा आकार पन्नास वर्षांहून अधिक काळ कोणी बदलला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

एका धर्मगुरूने शर्यतीच्या होडीवर का लिहावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. माझे वडील होड्या बांधणारे सुतार होते. वसईच्या किनाऱ्यावर सागाच्या भुशाच्या वासात माझे बालपण गेले. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘आकार’ आणि ‘द्रव्य’ यांची चर्चा चाले, तेव्हा मला तासलेली फळीच दिसत असे. पुढे आमच्या धर्मग्रामातला एक तरुण लष्करात गेला आणि तेथे शिडाच्या होडीच्या खेळात रमला. कुलाब्याला लष्कराचे या खेळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सुटीवर आला की तो या लेझरबद्दल मला सांगत बसे. सुताराचा मुलगा असल्यामुळे मी ऐकत गेलो, वाचत गेलो. आणि वाचता वाचता ही होडी मला एका वेगळ्याच प्रश्नापाशी घेऊन आली. स्पर्धेत सर्वांना सारखे साधन देणे म्हणजे न्याय, की प्रत्येकाला पेलेल असे साधन देणे म्हणजे न्याय, हा तो प्रश्न. तो नुसत्या समुद्रावरचा नाही, हे पुढे दिसून येईलच.

या होडीचा जन्म टेलिफोनवर झाला. १९६९ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे इयन ब्रूस नावाचे एक रचनाकार होते. छावणीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी सामानाची एक मालिका करावयाची होती आणि तीत मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी एखादी होडी असावी, अशी कल्पना निघाली. ब्रूस यांनी आपले स्नेही ब्रूस कर्बी यांना फोन केला. कर्बी हेही मूळचे कॅनडाचेच. पेशा पत्रकाराचा, नौकारचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पण पाण्याशी त्यांचे नाते लहानपणापासूनचे होते आणि कॅनडाच्या वतीने ते ऑलिंपिकमध्ये होडी हाकून आलेले होते. बोलता बोलता त्यांनी हातातल्या कागदावर एक आकृती रेखाटली. पुढे या रेखाटनाला ‘दहा लाख डॉलरांची रेघोटी’ असे गमतीचे नाव पडले. छावणीच्या सामानाची योजना मात्र मागे पडली आणि आराखडा कर्बी यांच्याकडे तसाच पडून राहिला.

तो बाहेर निघाला १९७० साली. नौकानयनाच्या जगात ‘अमेरिकाज कप’ ही शर्यत सर्वांत जुन्या आणि सर्वांत खर्चिक शर्यतींपैकी एक. १८५१ पासूनची तिची परंपरा, आणि एकेका नौकेमागे धनाढ्यांची संपत्ती ओतलेली. त्या थाटाची थट्टा म्हणून एका मासिकाने एक हजार डॉलरांहून कमी किमतीच्या होड्यांची शर्यत भरवली आणि तिला ‘अमेरिकाज टीकप’, म्हणजे चहाचा कप, असे नाव दिले. मोठ्यांच्या चषकाला सामान्यांच्या चहाच्या कपाने दिलेले हे उत्तर मला फार आवडते. कर्बी यांची होडी त्या शर्यतीत उतरली. तिचे शीड हान्स फॉग यांनी केले होते. ते मूळचे डेन्मार्कचे, ऑलिंपिकचे पदक मिळवलेले आणि शिडे शिवण्यात निष्णात. शिडात काही दुरुस्त्या केल्यावर होडी आपल्या गटात सहज पहिली आली.

त्या वेळी होडीचे नाव ‘वीकेंडर’ होते आणि शिडावर चार इंग्रजी आद्याक्षरे रंगवलेली होती. त्यांचा अर्थ, ‘देवाची कृपा, शुक्रवार आला!’ पाश्चात्त्य कचेऱ्यांत आठवड्याची सुटी जवळ आली की असे म्हणतात. शुक्रवार म्हटला की उपवास आणि क्रूसाच्या वाटेची भक्ती आठवणाऱ्या आम्हा मंडळींना ते थोडे विनोदीच वाटेल. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने ‘लेझर’ हे नाव सुचवले. त्या काळी लेझर किरण हे विज्ञानातले नवे आश्चर्य होते. नाव तरुण होते, आखूड होते, ते चिकटले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात ही होडी लोकांपुढे ठेवण्यात आली.

आता तिची रचना पाहू. होडीच्या अंगाचे वजन सुमारे ५९ किलो. रुंदी सुमारे १.४ मीटर. शिडाचे क्षेत्रफळ ७.०६ चौरस मीटर. इतक्या आकाराची लाकडी होडी आमच्या गावी वाळूवर ओढायची म्हटली तर चार गड्यांचे काम. ही दोघे जण सहज उचलतात. मोटारीच्या टपाची अट होती, म्हणून वजन कमी ठेवले. आणि वजन कमी ठेवल्यामुळे जो गुण अंगी आला तो अटीपेक्षाही मोठा ठरला.

तो गुण असा. पाण्यावर चालणारी प्रत्येक होडी स्वतःची एक लाट निर्माण करते. नाळेपाशी पाणी वर उचलले जाते, मागे पुन्हा उचलले जाते आणि मधल्या घळीत होडी बसते. जड होडी कितीही जोर केला तरी या घळीतून वर येत नाही; त्यामुळे तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. मात्र होडी हलकी असेल आणि तिचा तळ मागच्या बाजूला सपाट होत गेलेला असेल, तर पुरेसा वारा मिळताच ती स्वतःच्याच लाटेवर चढते आणि पाणी कापीत जाण्याऐवजी पाण्याच्या पाठीवरून घसरत धावू लागते. लहानपणी आपण तळ्यात चपटा दगड भिरकावून टप्पे मोजले आहेत. त्याचेच हे नातेवाईक. लेझरचा तळ पुढे थोडा धारदार आणि मागे सपाट आहे. पुढची धार लाटा कापण्यासाठी, मागचा सपाटपणा धावण्यासाठी. या दोहोंचा मेळ किती घालावा, यातच कर्बी यांचे कसब होते.

उरलेली रचना साधेपणाचा नमुना आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमच्या नळीची, दोन तुकड्यांची, एकात एक बसणारी. तिला ताणून धरणारे एकही दोर नाहीत. शिडाची पुढची कड पिशवीसारखी शिवलेली असते. पायात मोजा चढवावा तसे शीड डोलकाठीवर चढवायचे आणि डोलकाठी होडीच्या भोकात उभी करायची. दोर नसल्यामुळे वाऱ्याचा जोर वाढला की डोलकाठी वाकते, शीड सपाट होते आणि जास्तीचा वारा निसटून जातो. माडाचे झाड वादळात टिकते ते याच युक्तीने.

होडीच्या मध्यभागी एक उभी फट आहे. तीतून सुरीच्या पात्यासारखी एक फळी खाली पाण्यात सोडतात. वारा होडीला आडवे ढकलू पाहतो, ही फळी तिला आडवे जाऊ देत नाही. आडवे जाता येत नाही म्हणून होडी पुढे निघते. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. पण या फळीच्या आधाराने ती सुमारे ४५ अंशांच्या कोनात तिरपी चढते, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरपी चढते, आणि अशी नागमोडी वाट काढीत वारा येतो त्या दिशेलाच जाऊन पोचते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक होते.

शेवटचा भाग म्हणजे स्वतः माणूस. या होडीला तळाशी शिशाचे किंवा दगडाचे ओझे नाही. वाऱ्याने ती कलंडू लागली, की बसलेल्याने पाय आतल्या पट्ट्यात अडकवून सारे अंग होडीबाहेर, पाण्यावर झोकायचे. त्याचे शरीर हेच तिचे नीरम. मांड्या आणि पोट यांची अशी कसोटी फार थोड्या खेळांत लागते. इतके करूनही होडी उलटायची ती उलटतेच. मग उलट्या होडीच्या फळीवर उभे राहून तिला आपल्या वजनाने सुलटी करायचे आणि पुन्हा आत चढायचे. नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. उलटणे हा या होडीत अपघात मानत नाहीत, तो शिक्षणाचाच भाग धरतात.

आणि आता फायबरग्लास. येथे मला वडिलांची आठवण टाळता येत नाही. ते होडी बांधीत ती नजरेने. कागदावर आराखडा नसे. आधी तळाचा कणा मांडायचा, मग बरगड्या उभारायच्या आणि मग फळ्या वाकवून बसवायच्या. फटींत कापूस ठोकायचा, वर राळ आणि तेल. एकाच मालकासाठी एकाच वर्षी दोन होड्या बांधल्या तरी त्या जुळ्या होत नसत. एक अंमळ उजवीकडे ओढे, दुसरी लाटेवर हलकी बसे. तांडेल त्यांना माणसांसारखे ओळखीत.

फायबरग्लासची रीत याच्या नेमकी उलटी. आधी एक निर्दोष नमुना करायचा. त्यावरून साचा घ्यायचा. साचा आतून आरशासारखा घासून त्याला मेण लावायचे. मग पहिला थर द्यायचा तो रंगीत, चकचकीत लेपाचा, जो पुढे होडीची बाहेरची त्वचा होणार असतो. त्यावर काचतंतूंचे कापड, त्यावर द्रवरूप राळ; पुन्हा कापड, पुन्हा राळ. राळेत मिसळलेल्या रसायनामुळे सारे तापते आणि घट्ट होते. लाकडी होडीत सांगाडा आधी आणि कातडी नंतर; येथे कातडी आधी आणि अंग मागाहून. तळाचा अर्धा भाग एका साच्यातून, वरचा दुसऱ्या साच्यातून. दोन्ही कडेने चिकटवले की होडी झाली. साच्यातून पहिली निघाली तशीच हजारावी.

आमच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या होड्या दिसू लागल्या तेव्हा वडील थकले होते. एके संध्याकाळी त्यांना वाळूवर नेले असता त्यांनी एका नव्या होडीवर बोटाच्या पेराने टकटक केले, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “हिला जन्मखूण नाही.” त्या वाक्यात राग नव्हता, एका विद्येचा निरोप होता. माणसाच्या हातची खूण पुसली जाते हे या साच्याचे खरे नुकसान आहे आणि ते कोणत्याही फायद्याने भरून येत नाही, असे मला आजही वाटते.

तरीही वडिलांना ज्यात उणीव दिसली, तीच गोष्ट शर्यतीच्या होडीत गुण ठरली. होडीला जन्मखूण नाही, म्हणून हरणाऱ्याला होडीला दोष देता येत नाही आणि जिंकणाऱ्याला तिच्या मागे लपता येत नाही. ज्या शर्यतींत प्रत्येकाने आपापली होडी सुधारावी अशी मुभा असते, तेथे ज्याची थैली मोठी त्याचा तळ अधिक गुळगुळीत, त्याची डोलकाठी अधिक हलकी. लेझरच्या संघटनेने हे दार लावून घेतले. नियमांचा गाभा असा, की जे करण्यास स्पष्ट परवानगी दिलेली नाही ते करता येणार नाही. तळ घासून आकार बदलायचा नाही, फळीला नवी धार काढायची नाही, वजन कमी करायचे नाही. शर्यत माणसामाणसांत व्हावी, होड्याहोड्यांत नव्हे, हे त्यांचे तत्त्व. ऑलिंपिकमध्ये तर स्पर्धकांना स्वतःची होडीसुद्धा आणू देत नाहीत. तेथे आयोजकच एकसारख्या नव्या होड्या देतात.

या तत्त्वाची फळे लवकर दिसली. १९७४ मध्ये बर्म्युडा येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली तीत २४ देशांचे स्पर्धक होते. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये लेझरला स्थान मिळाले. त्या वर्षी ब्राझीलच्या रॉबर्ट शाइट यांनी सुवर्ण जिंकले आणि इंग्लंडचे तरुण बेन एन्स्ली दुसरे आले; चार वर्षांनी सिडनीत एन्स्ली पहिले आणि शाइट दुसरे. एकाच साच्याच्या होड्यांत बसून या दोघांनी जो सामना केला, त्यात यंत्राचा भाग शून्य होता. सारा भाग वारा वाचण्याचा, धीराचा आणि मांड्यांतील बळाचा. पैशाला पूर्ण मज्जाव झाला असे मात्र कोणी समजू नये. नवे कोरे शीड, उत्तम प्रशिक्षक, देशोदेशींचा प्रवास हे पैशानेच मिळते. पण निदान होडीत बसल्यानंतर पैसा किनाऱ्यावर राहतो, एवढे त्या साच्याने साधले.

येथवर सारे सरळ आहे: साधन सारखे, म्हणून न्याय झाला. परंतु आमच्या लष्करी तरुणाने मला एकदा विचारले, “फादर, होडी सारखी आहे हे खरे. पण माणसे सारखी आहेत का?”

प्रश्न बिनतोड होता. होडीचे नीरम म्हणजे माणसाचे शरीर, हे आपण पाहिले. सात चौरस मीटरांचे शीड जोराच्या वाऱ्यात आवरायचे तर ऐंशी किलोंच्या आसपास वजनाचा धट्टाकट्टा पुरुष लागतो. पन्नास-पंचावन्न किलोंची मुलगी त्याच होडीत बसली तर ती कितीही हुशार असो, वाऱ्याने तिची होडी आडवी केलीच म्हणून समजा. तिने दुप्पट कष्ट करावेत आणि तरी मागेच राहावे, हा कसला न्याय? म्हणजे ज्या समानतेचा एवढा अभिमान, तीच एका माणसाला पंख आणि दुसऱ्याला ओझे होऊन बसली.

यावर जो मार्ग निघाला तो मला या होडीच्या साऱ्या कथेत सर्वांत सुंदर वाटतो. होडी बदलली नाही. तळ तोच, फळी तीच, सुकाणू तेच, डोलकाठीचा वरचा तुकडाही तोच. बदलला तो केवळ खालचा तुकडा. तो थोडा आखूड केला आणि त्यावर लहान शीड चढवले. त्यातून ‘रेडियल’ निघाली, ५.७६ चौरस मीटर शिडाची. पुढे त्याहून लहान, ४.७ चौरस मीटर शिडाची तिसरी निघाली, ती पोरवयातल्या मुलांसाठी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून स्त्रियांची शर्यत रेडियलवर होऊ लागली. एक होडी, तीन शिडे. जे लहान शिडावर धावतात त्यांच्या शर्यतीचे अंतर खोटे नसते, त्यांचे पदक पितळेचे करून देत नाहीत.

आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत वेदीसेवकांच्या झग्यांचे एक कपाट आहे. झग्यांचे कापड एक, शिवण एक, रंग एक. पण कपाटात मापे पाच आहेत. समानतेचा आग्रह धरून एकाच मापाचे झगे शिवले असते, तर लहान मुले वेदीच्या पायरीवर अडखळून पडली असती. मुलांमध्ये भेद केला असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे आला, त्या वेळी तो झग्यांइतका सोपा राहिला नाही. आमच्याकडे शिक्षणासाठी एक मदतनिधी आहे. सणाच्या दिवशी देणग्या गोळा होतात, जून महिन्यात वाटप होते. आजवरची रीत अशी, की अर्ज करील त्या प्रत्येक विद्यार्थ्याला सारखी रक्कम. त्यात तंटा नाही, हिशेब सोपा. काही सभासदांनी सुचवले, की रक्कम गरज पाहून द्यावी. ज्याचे वडील बँकेत आहेत त्याला आणि ज्याची आई पहाटे मासळीची पाटी घेऊन लोकलने जाते त्याला एकच आकडा कसा? यावर सभेत बराच वेळ वाद झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. गरज सिद्ध करायची म्हणजे दारिद्र्याचे प्रदर्शन मांडायचे. आज सर्वांना सारखे मिळते म्हणून कोणाची मान खाली जात नाही, असे एक शिक्षक कळकळीने म्हणाले. त्यांचे बोलणे मला विसरता आले नाही.

मी त्या सभेत लेझरची गोष्ट सांगितली. फार वेळ लागला नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे हात दोर ओढून राकट झालेले होते. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचे एक वयोवृद्ध तांडेल, जे सभेत सहसा बोलत नाहीत, म्हणाले, “फादर, पोराच्या हाती बापाचं शीड दिलं तर पोर बुडेल. आणि बापाच्या हाती पोराचं शीड दिलं तर बाप घरी पोचणार नाही. होडी सारखी असू दे, शीड हात बघून द्या.”

ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. पण शिक्षकांची शंकाही आम्ही ठरावात घेतली. अर्ज तिघांखेरीज कोणी पाहावयाचे नाहीत. कोणाला किती दिले ते वेदीवरून वाचावयाचे नाही. वाटपाच्या दिवशी सर्वांची पाकिटे दिसण्यात सारखी असतील. लहान शिडावर ‘हा दुबळा’ असे कोणी लिहीत नाही, त्यावर देशाची आद्याक्षरे आणि होडीचा क्रमांकच असतो. मदतीचेही तसेच असावे. ही पद्धत कितपत टिकेल, हे दोन-तीन वर्षांनी कळेल.

लहान शिडाने काय होऊ शकते याचा दाखला आपल्या देशातच आहे. चेन्नईची नेत्रा कुमनन २०२१ मध्ये रेडियलवरच टोकियो ऑलिंपिकला गेली. शिडाच्या खेळात ऑलिंपिकची पात्रता मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच ऑलिंपिकमध्ये मोठ्या शिडावर लष्कराचा विष्णू सरवणन होता, आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्य पदक आणले. त्याच स्पर्धेत सर्वांत लहान शिडाच्या होडीवर मुलींमध्ये रौप्य पदक मिळवले ते नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या मुलीने. ती मध्य प्रदेशातील, शेतकरी कुटुंबातली, भोपाळच्या तलावावर शिकलेली. ज्या राज्याला समुद्र नाही तेथली मुलगी पदक घेऊन येते आणि आपल्या किनाऱ्यावरची मुले समुद्राकडे पाठ करून वाढतात, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांनी मनावर घ्यावी अशी आहे.

या होडीची कहाणी निष्कलंक आहे असे नाही. आराखडा कोणाचा, साचा कोणाचा आणि नाव कोणाचे यावरून पुढे भांडणे झाली. २०१३ मध्ये स्वतः कर्बी यांना अमेरिकेतील न्यायालयात जावे लागले. अखेर २०१९ मध्ये स्पर्धांपुरते ‘लेझर’ हे नाव सोडून द्यावे लागले. आता संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘इल्का’ म्हणतात, आणि तीन शिडांना इल्का सात, इल्का सहा व इल्का चार. आपल्या भाषेत होडीलाही नावच म्हणतात. तेव्हा असे म्हणता येईल, की नावेचे नाव गेले, पण नाव उरली. ज्या तीन हातांनी ती घडवली त्यांपैकी फॉग २०१४ मध्ये, ब्रूस २०१६ मध्ये गेले. कर्बी यांचे निधन १८ जुलै २०२१ रोजी झाले. त्यानंतर पाच दिवसांनी टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, आणि त्याच स्पर्धेत त्यांच्या रेखाटनातून उतरलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या.

एक बारीकशी गोष्ट राहिली. कर्बी यांनी डोलकाठी दोन तुकड्यांची केली ती नेण्या-ठेवण्याच्या सोयीसाठी. अखंड लांबीची काठी मोटारीच्या टपावर बांधणे अवघड झाले असते. मुली आणि लहान मुले यांचा विचार त्या क्षणी कोणाच्या डोक्यात असेल असे वाटत नाही. पण काठी दोन तुकड्यांची होती, म्हणूनच पुढे खालचा तुकडा बदलता आला आणि त्याच होडीत दुबळ्या हातांना जागा झाली. रचना करणाऱ्याने आपल्या कामात एक सांधा मोकळा ठेवला होता. त्याचा उपयोग काय, हे मागाहून येणाऱ्यांनी शोधले. संसार मांडताना, संस्था उभारताना, नियम करताना आपण सारे काही पक्के, अखंड करून ठेवू पाहतो. माझे वडील फळ्या बसवताना एक फळी शेवटपर्यंत ठोकीत नसत. विचारले तर म्हणत, होडी पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, त्याला हलायला जागा हवी.